सहकुटुंब, सहपरिवार, ५ किलोमीटर

सुट्टीच्या सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून धावायचं ठरलं की पहिला बळी झोपेचा जातो आणि दुसरा 'आपण एकत्रच राहायचं हं' या वाक्याचा. आमच्याकडे ते वाक्य मी म्हटलं होतं. दीड मिनिटात नवरा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जो गेला, तो थेट समाप्तीरेषेपाशी भेटला. नऊ वर्षांचा मुलगा चौखूर उधळला आणि अर्धा किलोमीटर होतो न होतो तोच बरगडीखाली हात धरून खाली बसला. मोठी मुलगी आम्हाला ओळखत नसल्यासारखी दहा पावलं पुढे. आणि मी? गरम होतंय म्हणून एकेकाने काढून दिलेली तीन जॅकेटं कमरेला, खांद्याला, हाताला गुंडाळलेली. छातीवरचा नंबर त्यांच्याखाली गायब, त्यामुळे नंबरावरून लावलेल्या फोटोंच्या यादीत मी सापडतच नाही.

मुलाची कळ तीन-चार मिनिटांत गेली. चालवलं, दुखतं तिथे बोटांनी दाबून धरलं, श्वास सावकाश पूर्ण सोडायला लावला. मग पुन्हा उधळू नये म्हणून सतराचा पाढा म्हणायला सांगितला. पाढा न अडखळता म्हणता येईल तेवढाच वेग. सतरा साते ला तो नेहमी अडतो, तेव्हा नेमकं दम लागल्यामुळे अडला की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता.

सुट्टीला धावायची ही हौस आजची नाही. अमेरिकेत बफेलोला थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशीची ८ किलोमीटरची शर्यत १८९६ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी सहा जण निघाले, चौघं पोहोचले. ब्राझीलमध्ये साओ पावलोला ३१ डिसेंबरची शर्यत १९२५ पासूनची. म्हणजे सणासुदीला घरच्यांना पहाटे उठवणारी माणसं जगभर आहेत.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. वेग कोणाचा धरता? सगळे एकदम पोहोचलात, की ज्याचा तो?

*

आमच्यात भांडण झालं ते घड्याळावरून. दादा पहिल्या रांगेत घुसला. मी बाबागाडी घेऊन सगळ्यात मागे, कारण गाडीवाल्यांनी मागेच उभं राहायचं असा नियम होता. हॉर्न वाजल्यावर आरंभरेषेपर्यंत सरकायलाच मला सव्वातीन मिनिटं लागली. कमानीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून दादाने जाहीर केलं, "तीन मिनिटांनी हरवलं तुला." संध्याकाळी निकाल आला. नंबराच्या कागदामागे चिकटवलेली चिप आरंभरेषेच्या मॅटवरून गेली की तिथून तुमची स्वतःची वेळ धरतात. त्या हिशेबाने मी दादापेक्षा अकरा सेकंदांनी पुढे!

दादाचं म्हणणं, बक्षिसं हॉर्नपासूनच्या वेळेवर देतात. बऱ्याच शर्यतींत देतात, हे खरंच आहे. पण आम्हा दोघांपैकी बक्षिसाच्या जवळपास तरी कोण होतं? बाळ पूर्णवेळ झोपलेलं. गाडी नेणाऱ्यांनी एवढंच करा: पुढचं चाक लॉक, गाडीचा पट्टा मनगटात. आणि गाडी धावण्यासाठी बनवलेली असावी, साधी नको.

*

मी ६४ वर्षांची आजी. लेकाने मला तयार करण्यासाठी फौजा सिंग यांचं उदाहरण दिलं. त्यांनी २००० साली लंडनला ८९ व्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण केली. मी म्हटलं, मग मला अजून २५ वर्षं आहेत, एवढी घाई कसली? पण नातीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

तिने रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब धरले. दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं. तिला वाटलं हा तिचाच शोध. लेक म्हणाला, जेफ गॅलोवे या अमेरिकेच्या ऑलिंपिक धावपटूने १९७० च्या दशकातच असंच थोडं पळायचं, थोडं चालायचं शिकवायला सुरुवात केली. नात म्हणाली, "त्यांच्याकडे खांब होते का?" लेक गप्प.

दुसऱ्या किलोमीटरला पाण्याचं टेबल. पळता पळता प्यायला गेले तर अर्धं पाणी नाकात. तिथल्या मुलाने पेल्याची कड चिमटीत धरून दाबली, चोचीसारखी केली आणि हातात दिला. इतकी वर्षं पाणी पितेय, हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या किलोमीटरनंतर मागे कोणी उरलं नाही, फक्त सगळ्यांच्या मागून येणारी आयोजकांची शेवटची गाडी. आम्ही थांबलो की ती थांबे. रस्त्यावरचे शंकू उचलणारी पोरं आमच्या पाठोपाठ येत होती, एकात एक शंकू बसवल्याचा टप्प टप्प आवाज सारखा कानात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नात मात्र वळून वळून मोजत होती, "आजी, एकवीस झाले."

चौथ्या किलोमीटरला लेक-सून उलटे चालत आम्हाला घ्यायला आले. दोघांची पदकं गळ्यात. सुनेने स्वतःचं काढून खिशात ठेवलं, ते मी पाहिलं. समाप्तीच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायला एक जण वाकलाच होता, आम्हाला बघून उभा राहिला.

*

माझी मुलगी चाकाच्या खुर्चीत बसते. डिक होयट यांनी १९७७ साली मुलगा रिकची खुर्ची ढकलत पहिली शर्यत केली, ते वाचलं तेव्हापासून मनात होतं. आयोजकांना दोन महिने आधी कळवलं, खुर्चीला परवानगी आहे का, वाटेत पायऱ्या किंवा खडी आहे का, ते विचारून घेतलं. चढाची भीती होती, पण चढ सोपा गेला. घाम फोडला तो उताराने. खुर्ची मला ओढायला लागली, मी टाचा रोवत मागे झुकलेला आणि ही दोन्ही हात वर करून ओरडतेय, "सोडा, बाबा, सोडा!" शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. पायी चालताना तो कधी जाणवला नव्हता. खुर्ची सारखी कडेला जायची. दुसऱ्या दिवशी माझा एकच खांदा दुखत होता. यंदा ढकलायला तिचा मामा आहे, मी शेजारून धावणार.

*

मी पंधरा वर्षांचा आहे आणि घरच्यांना एकच विनंती आहे. शेवटच्या रेषेवर फोटोसाठी थांबू नका. मागून माणसं येतात. आमचे काका थांबले, त्यांच्यावर एक बाई आदळल्या, मग त्या फोटोत त्याच मधोमध आल्या. आणि पाच जणांनी एका ओळीत हात धरून पळू नका, मागच्याला जायला जागा उरत नाही. दोन-दोन जण, कडेने.

*

थोडं वेगळं लिहिते. आमची मुलगी पहिल्या वर्षी पूर्ण वाट रडत धावली. आम्ही "मजा येतेय ना?" विचारत राहिलो, कारण आम्हाला मजा येत होती. घरी आल्यावर तिने नंबराचा कागद फाडला, पिनाही न काढता, टी-शर्टसकट. सहा महिने मी स्वतःशीच म्हणत होते की पुढच्या वेळी तिला आवडेल. शेवटी नवऱ्याने विचारलं, तुला काय करायला आवडेल? ती म्हणाली, उभं राहायला. आता ती तिसऱ्या किलोमीटरच्या पाटीपाशी आजोबांबरोबर उभी असते, गळ्यात शिट्टी. अनोळखी माणसांचे नंबर वाचून हाका मारते. तिला नावनोंदणीत धरत नाही म्हणून सासूबाईंना अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

*

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नाडीला दोन गाठी. बाकी सगळं वर आलंय.

*

सगळ्यांचे आभार. खांबांची युक्ती मुलाला सांगितली, तो म्हणतो पाढ्यापेक्षा खांब बरे. आजी, तुम्ही यंदा धावणार आहात का, ते मात्र लिहिलं नाहीत.

आमची नोंदणी काल झाली, चौघांची. जॅकेटं कोणी सांभाळायची ते या वेळी कागदावर लिहून घेतलंय, खाली नवऱ्याची सही.