सर्व्हर सॉफ्टवेअर काढलं आणि नेट गेलं : फॉरमॅट मारायचा की कारण शोधायचं?

अंबड_लिंकरोड :
लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना एक वाईट खोड लागली आहे. कुठलंही सॉफ्टवेअर काढल्यावर नेट बंद पडलं की पहिला सल्ला 'विनसॉक रीसेट मार' (विंडोजची नेटवर्कची साखळी मूळ स्थितीत आणणारी कमांड) आणि त्याने नाही झालं तर 'फॉरमॅट मार'. माझं म्हणणं एवढंच, की असा सल्ला देणाऱ्याने आधी निदान आयपीकॉन्फिगचा, म्हणजे पीसीला नेटवर्कातला कोणता पत्ता मिळालाय ते दाखवणाऱ्या कमांडचा, पडदा तरी बघावा. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

ताजं उदाहरण देतो. नाशिकच्या अंबडमधलं इलेक्ट्रिक पॅनल बनवणारं एक युनिट. अकाउंट्सच्या खोलीत कोपऱ्यात जुना पीसी, त्यात दोन लॅन कार्डं आणि प्रॉक्सी सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने नेटवरून पानं आणून देणारं, सॉफ्टवेअर. एकच ब्रॉडबँड लाइन सगळ्यांत वाटायला आणि कामाच्या वेळेत यूट्यूब बंद ठेवायला कधीकाळी बसवलेलं. सगळ्या पीसींना आयपी (नेटवर्कातला पत्ता) तेच वाटायचं, डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) तेच. मग फायबर आलं. मालकांच्या भाच्याने सुट्टीच्या दिवशी कंट्रोल पॅनलमधून ते सॉफ्टवेअर काढलं, जुन्या सर्व्हरचा पत्ता नव्या राऊटरला दिला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या ऑफिसला नेट नाही, निम्म्याला आहे. लोक म्हणणार, ज्यांचं बंद आहे ते पीसी बिघडले.

डिझाइनच्या पीसींवर आयपी दिसला १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक लावून घेतला. राऊटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, फायबरवाल्याने बंद ठेवलं होतं. जुना सर्व्हर चालू असताना एका नेटवर्कात दोघांनी पत्ते वाटू नयेत म्हणून, आणि ते बरोबरच होतं. ज्यांचं नेट चालू होतं त्यांची जुनी लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, अजून संपली नव्हती, बाकी काही नाही. पीसी सुरू होताना डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही तर विंडोज जुन्या गेटवेला (नेटकडे नेणाऱ्या पत्त्याला) पिंग करून, म्हणजे हाक मारून, बघतं आणि उत्तर आलं की जुनाच पत्ता चालवत राहतं. राऊटर त्याच पत्त्यावर बसलेला, त्यामुळे उत्तर येत होतं. दोन-चार दिवसांत तेही बंद पडले असते.

अकाउंट्सचा पीसी मात्र वेगळा. आयपी बरोबर, ८.८.८.८ ला पिंग जातं, साइटच्या नावालाही जातं, पण क्रोम म्हणतं प्रॉक्सी सर्व्हरशी जोडता येत नाही. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता आणि ८०८० पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार) तसाच, टिकही तशीच. त्या पत्त्यावर आता राऊटर, आणि त्याच्या ८०८० वर ऐकायला कुणी नाही. टिक काढली, चालू.

तिसरा खुद्द तो जुना पीसी. केबल ठीक, लॅन कार्डाचा दिवा लुकलुकतोय, 'कनेक्टेड' लिहिलंय, आणि एक पॅकेट आत येत नाही. अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जी यादी असते, आयपीव्ही४ वगैरेची, तिच्यात काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा फिल्टर ड्रायव्हर (कार्डातून जाणारं प्रत्येक पॅकेट तपासणारा तुकडा) टिकसह बसलेला. फाइल गेली, नोंद राहिली. ती ओळ निवडून तिथेच अनइन्स्टॉल केली आणि पिंग सुरू.

तीन ठिकाणी तीन कारणं. विनसॉक रीसेटने यातलं एकही सुटलं नसतं. फॉरमॅटने दोन सुटली असती आणि डिझाइनवाले फॉरमॅट केलेल्या पीसीवर परत १६९.२५४ बघत बसले असते.

सिडको_हार्डवेअर :
दादा, वाचायला झकास आहे, पण हे सगळं बिलात कुठे लिहायचं? ग्राहकाचा फोन वीस तारखेला येतो, जीएसटीचा ३बी भरायचा असतो आणि मागे मालक ओरडत असतात. त्यांना कारण नको असतं, नेट हवं असतं. मी प्रत्येक पीसी बसवतानाच इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची नक्कल, काढून ठेवतो. गडबड झाली की इमेज परत टाकायची, जेवणाच्या सुट्टीत काम होतं.

आणि एक प्रश्न. तुम्ही फिल्टर ड्रायव्हर काढला, तो दिसला म्हणून. न दिसलेलं काय काय मागे राहिलंय याची खात्री देता? मी इमेज टाकली की खात्री देतो. पुढच्या महिन्यात तोच पीसी परत लटकला तर शिव्या तुम्हालाच, त्या अनइन्स्टॉलरला नाही.

हिशेबनीस :
इमेज कधीची असते हो तुमची? मी सातपूरला एका युनिटमध्ये अकाउंट्स बघते. आमच्याकडे एका टेक्निशियनने असंच 'जेवणाच्या सुट्टीत' उरकलं होतं. नेट आलं. मग डिजिटल सहीचं टोकन ओळखेना, कारण त्याचा ड्रायव्हर इमेजनंतर टाकलेला. चेक छापायच्या प्रिंटरचं मार्जिन पहिल्यासारखं जुळवायला आख्खी दुपार गेली. वेळ तुमचा वाचला, आमचा गेला, आणि बिल तुम्हीच लावलंत.

सिडको_हार्डवेअर :
ताई, डेटा आणि सेटिंगचा बॅकअप घेणं हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. इमेज दर तीन महिन्यांनी ताजी करू म्हटलं की मालक म्हणतात, 'चालतंय ना? मग कशाला?' यात टेक्निशियनने काय करायचं?

व्हीएमसी_शॉप :
फॉरमॅटचं राहू द्या, ते 'नेटवर्क रीसेट' नावाचं बटण त्याहून घातक. विंडोज १० मध्ये २०१६ च्या अपडेटपासून सेटिंग्जमध्ये आहे, त्यामुळे हल्ली कुणीही दाबतं. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून नव्याने बसवतं. आमच्या शॉप फ्लोअरवर व्हीएमसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवणारा पीसी आहे, त्याचा आयपी हाताने टाकलेला. एकाने नेट येत नाही म्हणून बटण दाबलं. नेट आलं, आयपी उडाला, मशीनला प्रोग्रॅम जाईना. ऑपरेटर पार्ट लावून उभा आणि सेटरला वाटतंय मशीनच्या कार्डात फॉल्ट. 'नेटएसएच इंट आयपी रीसेट' या कमांडचंही तेच. हाताने टाकलेला पत्ता पुसला जातो, आणि ती कमांड सुचवणारे हे कधी सांगत नाहीत.

सिडको_हार्डवेअर :
रीसेटच्या आधी आयपीकॉन्फिगचा मोबाईलवर फोटो काढायला किती वेळ लागतो?

व्हीएमसी_शॉप :
पाच सेकंद. काढतं कोण ते सांगा.

गंगापूररोड_अॅडमिन :
दोन्ही बाजू एकाच जागी चुकताय. तुमचं भांडण आग लागल्यावर पाणी कुठून आणायचं यावर चाललंय. जे सॉफ्टवेअर आख्ख्या ऑफिसला पत्ते वाटतं ते थेट काढायचंच का? सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याची सर्व्हिस थांबवा, स्टार्टअप 'डिसेबल्ड' करा आणि आठ दिवस वाट बघा. कुणाचं काय अडतं ते आपोआप कळेल आणि अडलंच तर एका क्लिकवर परत चालू. अंबडच्या युनिटमध्ये एवढं केलं असतं तर डीएचसीपी आणि प्रॉक्सी हे दोन्ही घोळ आधीच उघडे पडले असते. कारण शोधायचा अभिमान ठीक आहे, पण शोधायची वेळच का यावी?

अंबड_लिंकरोड :
सल्ला चांगला आहे, अर्धा. सर्व्हिस थांबवली तरी फिल्टर ड्रायव्हर लोड झालेलाच असतो. आठ दिवस सगळं सुरळीत दिसेल, नवव्या दिवशी निर्धास्तपणे अनइन्स्टॉल कराल आणि पीसी मुका होईल. म्हणून काढण्याआधी अॅडॉप्टरची ती यादीही बघायची, तिच्यात परकं नाव आहे का ते. शिवाय आठ दिवस म्हणताय, पण लीज त्याहून मोठी ठेवलेली असेल तर? विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत मुळातच आठ दिवसांची असते.

गंगापूररोड_अॅडमिन :
मग एका पीसीवर आयपी रिलीज करून रिन्यू मारून (पत्ता सोडून परत मागून) बघा, लगेच कळेल. वाट बघायचीही गरज नाही. पण मुद्दा मान्य, ड्रायव्हरचं सर्व्हिस थांबवून कळत नाही.

दिंडोरी_पॅकहाऊस :
आमचं साधं गणित. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा कंटेनर दारात उभा असतो, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी विचारतो आणि कागद ऑनलाइन जायचे असतात. तेव्हा तुमचं कारणही नको आणि फॉरमॅटही नको. मोबाईलचा हॉटस्पॉट लावायचा, कागद पाठवायचे, बाकी रात्री. सीझनमध्ये कुणी सर्व्हरला हात लावला तर आमचे काका त्याला गाडीत घालून पिंपळगावला सोडून येतील.

अंबड_लिंकरोड :
काकांना नमस्कार सांगा. हॉटस्पॉट हा नुसता जुगाड नाही, तपासणीसुद्धा आहे. हॉटस्पॉटवर पीसी नीट चालला तर बहुतेक वेळा पीसी निर्दोष, दोष ऑफिसच्या नेटवर्कात. हॉटस्पॉटवरही ब्राउझर अडला तर काहीतरी पीसीतच मागे राहिलंय, आणि मी तरी सगळ्यात आधी प्रॉक्सी बघतो.

पंचवटी_इंजिनिअरिंग :
कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर ब्राउझरची रहदारी बघायचं एक प्रॉक्सी टूल टाकलं होतं, काढल्यावर नेट बंद. मित्राने सांगितलं म्हणून विनसॉक रीसेट केलं, रीस्टार्ट केलं, काही नाही. गंमत अशी की नवीन यूजर बनवून लॉगिन केलं तर नेट चालतं! आता जुना यूजरच उडवून टाकू का?

अंबड_लिंकरोड :
नको रे बाबा. हीच खूण आहे. ब्राउझर वापरतो ती प्रॉक्सी सेटिंग विंडोज दर यूजरला वेगळी ठेवतं. जुन्या यूजरमध्ये १२७.०.०.१ आणि एखादा पोर्ट राहिला असेल. म्हणजे तुझाच लॅपटॉप, आणि त्या पोर्टवर आता कुणी नाही. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी, तिथलं मॅन्युअल बंद कर. विनसॉक रीसेट या सेटिंगला हातही लावत नाही. ती कमांड आली २००४ च्या सुमारास, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर. तेव्हाची सॉफ्टवेअरं नेटवर्कच्या साखळीत स्वतःची कडी घुसवायची आणि जाताना साखळी तोडून जायची, त्यासाठी ती होती. आजही त्या एका दुखण्यावर चालते, पण लोक ती सगळ्यावर देतात.

पंचवटी_इंजिनिअरिंग :
झालं! १२७.०.०.१ : ८८८८ होतं. धन्यवाद काका.

अंबड_लिंकरोड :
काका नाही रे, दादा म्हण.

सिडको_हार्डवेअर :
बरं, एवढं मान्य की डीएचसीपीचा घोळ कुठलीही इमेज सोडवत नाही. मीही यापुढे आधी आयपी बघेन. पण प्रॉक्सी बघून झाली, यादी बघून झाली आणि तरी नेट नाही, तर मी पुढे खोदत बसणार नाही, इमेज टाकणार. माझ्याकडे रांगेत अजून चार फोन असतात. तुम्ही किती वेळ खोदता?

अंबड_लिंकरोड :
अर्धा तास. त्यानंतर मीही इमेज शोधतो, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते.

हिशेबनीस :
ते राहू द्या, अंबडच्या त्या राऊटरचं डीएचसीपी शेवटी चालू केलं कुणी? आमच्याकडे राऊटरचा पासवर्ड मागितला की फायबरवाला म्हणतो मालकांकडे आहे आणि मालक म्हणतात फायबरवाल्याकडे.

अंबड_लिंकरोड :
भाच्याने. डब्याखालच्या स्टिकरवर होता तोच पासवर्ड, कुणी बदललाच नव्हता. तो बदलायचं कामही मग भाच्यालाच लावलं.