ऑडी क्यू७ २०१२: मागची डावी बाजू उंच, सस्पेन्शनचा दिवा लागतो-विझतो. सेन्सर बदलू का?

गोदाकाठ

गाडी ऑडी क्यू७, पहिली पिढी, २०१२, ३.० टीडीआय. चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी बलून आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर. मागची डावी बाजू उजवीपेक्षा उंच राहते, लांबून बघितलं तरी कळतं. पिवळा दिवा कधी लागतो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की कधी जातो. गाडी धुतली किंवा जोराचा पाऊस झाला की हमखास लागतो. रात्रभर उभी ठेवली तरी गाडी खाली बसत नाही. कॉम्प्रेसरचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतो.

स्कॅनरवर ३४ नंबरच्या लेव्हल कंट्रोलमध्ये (गाडीची उंची सांभाळणारं युनिट) कोड ००७७४ आहे: मागचा डावा लेव्हल सेन्सर (उंची मोजणारा) जी७६, आणि पुढे "इंटरमिटंट", म्हणजे येऊन-जाऊन असणारा दोष. गॅरेजमध्ये चारही सेन्सर आणि कॉम्प्रेसर एकदम बदलायला सांगतायत. एकाच सेन्सरचा कोड असताना एवढं सगळं कशाला? आणि हे होईपर्यंत गाडी घेऊन घाट उतरून कोकणात जाणं बरं का?

---

टेपवाला

कॉम्प्रेसर बदलू नका, निदान आत्ता तरी. रात्रभर उभी राहून गाडी बसत नाही म्हणजे बलून आणि पाइप हवा धरून आहेत. कॉम्प्रेसर जास्त चालतोय तो बहुधा सेन्सरच्या चुकीच्या माहितीमुळे. कंट्रोल युनिटला वाटतं कोपरा खाली गेला, ते हवा भरतं. मग आकडा उडी मारतो, ते हवा सोडतं. सेन्सरचं दुखणं तसंच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही असाच राबून मरेल.

"इंटरमिटंट" या शब्दाकडे नीट बघा. सेन्सर आतून मेला असेल तर कोड बहुतेक वेळा कायमचा बसतो. पाण्याशी संबंध आहे आणि कोड येतो-जातो म्हटल्यावर पहिला संशय सॉकेटवर, दुसरा वायरवर, तिसरा सेन्सरच्या लिंक रॉडवर. सेन्सर चौथा.

आधी साध्या मेजरिंग टेपने चार मापं घ्या. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, आत कोणी बसलेलं नाही, दरवाजे आणि डिकी बंद. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज मापात घुसते. मग स्कॅनरवर ३४ मध्ये लाईव्ह डेटा उघडून चारही कोपऱ्यांची उंची लिहून घ्या आणि दोन्ही यादी शेजारी ठेवा.

टेप आणि स्कॅनर दोघंही मागची डावी उंच म्हणतायत, तर सेन्सर खरं बोलतोय आणि युनिट कोपरा खाली घेत नाहीये. मग व्हॉल्व्ह ब्लॉककडे (प्रत्येक बलूनची हवा उघडणारे-अडवणारे व्हॉल्व्ह) बघायचं, किंवा कोड बसल्यामुळे युनिटने काम थांबवलंय का ते तपासायचं. टेप उंच म्हणते पण स्कॅनरवर दोन्ही बाजू सारख्या दिसतायत, तर सेन्सरची साखळी खोटं बोलतेय. साखळी म्हणजे रॉड, लिव्हर, ब्रॅकेट, सॉकेट, वायर हे सगळं. यात मुद्दा असा की सिग्नल ठरलेल्या मर्यादेत आहे तोवर युनिटला तो खोटा आहे हे कळायला मार्गच नाही. कोड न टाकता ते इमानदारीत गाडी वाकडी उभी करतं.

जुनी घेतलेली गाडी असेल तर मागचं मडगार्ड कधी ठोकून सरळ केलंय का तेही बघा. कड चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे असली तर टेपही फसवते.

---

वायरमन

टेपवाल्यांच्या मताशी सहमत. इलेक्ट्रिकल बाजू थोडी सविस्तर लिहितो.

हा सेन्सर म्हणजे चाक वर-खाली झालं की लिव्हर किती अंशाने फिरला हे सांगणारी डबी. डबी गाडीच्या बाजूला पक्की, लिव्हरला छोटा रॉड, रॉडची दोन टोकं बॉल जॉइंटची आणि खालचं टोक सस्पेन्शनच्या आर्मला. आत घासणारं काही नसतं, म्हणून डबी सहसा झिजून जात नाही. जातं ते सॉकेटच्या सीलमधून पाणी शिरून, किंवा बॉल जॉइंट गंजून जाम झाल्यावर लिव्हर पिळून तुटतो.

काहीही खोलायच्या आधी एमएमआयमध्ये (डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर) कार बटणाच्या सस्पेन्शन मेनूतून जॅक मोड चालू करा. नाहीतर तुम्ही हाताने लिव्हर हलवाल आणि युनिट खरंच हवा सोडेल. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या बलूनच्या भरवशावर या गाडीखाली हात घालू नका. बॉडीला दोन्ही बाजूंनी स्टँड लावा. बलून रिकामा झाला तर गाडी काही सेकंदांत खाली येते आणि चाकाच्या कमानीत बोटं अडकतात.

आता मल्टिमीटर. सॉकेट काढून, इग्निशन ऑन ठेवून, सेन्सरला जाणाऱ्या सप्लाय आणि अर्थच्या पिनमध्ये ५ व्होल्टच्या जवळ यायला हवेत. आले तर निम्मं काम झालं, पण इथेच थांबू नका. लोड नसताना ५ व्होल्ट दाखवणारी वायर एका तारेवर लटकलेली असू शकते. म्हणून सॉकेट पुन्हा लावा, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सेन्सरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज बघा. ०.०५ व्होल्टच्या आत असावं. ०.२, ०.३ दिसलं तर त्या रस्त्यात कुठेतरी कार्बन चढलाय. ॲनालॉग सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या पट्ट्यात फिरतो आणि सस्पेन्शनची पूर्ण हालचाल तेवढ्यात बसवलेली असते. अर्थवर ०.३ व्होल्ट खाल्ले गेले की आकडा सरकतो आणि त्याबरोबर कोपराही. म्हणजे एकाच गंजलेल्या पिनमुळे कोपरा वाकडा होऊ शकतो आणि पिन पूर्ण सुटली त्या क्षणी कोडही येतो. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

सिग्नल तपासताना आर्मकडचा रॉड काढा आणि लिव्हर अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कोणीतरी लाईव्ह डेटावर नजर ठेवायची. आकडा पाण्यासारखा सरकायला हवा. मध्येच अडकला, उडाला, शून्य झाला तर त्याच जागी पुन्हा फिरवून खात्री करा. मग लिव्हर न हलवता फक्त वायरिंग हलवा. लिव्हर हलवल्यावरच उडी असेल तर सेन्सर, वायर हलवल्यावर असेल तर वायर. काही सेन्सरचा सिग्नल पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा असतो. तिथे मीटर फक्त सरासरी दाखवतं, त्यामुळे उडीसाठी मीटरपेक्षा स्कॅनरवर विश्वास ठेवा.

---

एक्सप्रेसवे_७७

एवढी मेहनत कशाला? ऑनलाइन स्वस्तातला सेन्सर मिळतो, शॉकॲब्सॉर्बरसारखे मागचे दोन्ही जोडीने बदलून टाका. कोपरा वर राहिलाच तर रॉडची लांबी थोडी कमी-जास्त करून गाडी लेव्हलला आणता येते. बरेच जण करतात.

---

वायरमन

नाही. शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलतात कारण दोन्ही बाजूंचं डॅम्पिंग सारखं हवं असतं. सेन्सरला तो नियम लागू नाही. चांगला सेन्सर काढून नवा लावला तर उलट एका चालू कोपऱ्याचं कॅलिब्रेशन घालवाल.

स्वस्त सेन्सरमध्ये मुख्य भानगड सीलची असते. पहिल्या पावसाळ्यात ठीक, दुसऱ्यात पुन्हा तोच कोड. घ्यायचाच तर मूळ पुरवठादाराचा घ्या. हेला हे या क्षेत्रातलं जुनं नाव. नंबर गाडीच्या चेसिस क्रमांकावरून काढा. डबी सारखी दिसली तरी ब्रॅकेट आणि रॉड डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या बाजूला वेगळे असू शकतात. चुकीच्या बाजूचा रॉड लावला की लिव्हर उलट दिशेने चालतो आणि कोपरा थेट तळाला किंवा थेट शेंड्याला जाऊन बसतो.

रॉड छोटा-मोठा करणं म्हणजे सेन्सरला मुद्दाम खोटं बोलायला शिकवणं. हेडलाइटची लेव्हलही याच माहितीवर चालते, त्यामुळे रात्री समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाईल तो वेगळाच.

---

गोदाकाठ

धन्यवाद. काल मोजलं. पुढे डाव्या-उजव्यात २ मिमीचा फरक. मागे डावी बाजू उजवीपेक्षा ३४ मिमी उंच. स्कॅनरवर मागच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या. रॉड सरळ आहे, बॉल जॉइंट फिरतात. सॉकेट काढलं तर एक पिन हिरवी आणि आत ओल. सॉकेट लावून अर्थवर ०.३१ व्होल्ट. लिव्हर फिरवताना आकडा गुळगुळीत जातो, हार्नेस (वायरचा जुडगा) दाबला की उडतो. सेन्सर घ्यायचा का अजून?

---

टेपवाला

नका घेऊ. सेन्सर निर्दोष सुटला.

सॉकेटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ नायलॉन ब्रशने घासून, हवेने वाळवा. डब्ल्यूडी ४० मारून काम झालं असं समजू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरून ठेवतो. हिरवी पिन नुसती साफ करून टिकत नाही. गंज टर्मिनलच्या क्रिंपमध्ये (वायर दाबून बसवलेल्या जोडात), तिथून वायरच्या आत चढलेला असतो. वायर सोलून बघा. तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. कधी ५ सेंटिमीटर जातात, कधी १५. नवं टर्मिनल क्रिंप करा. जोड द्यावा लागला तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब घाला, कारण साध्या ट्यूबमध्ये किंवा काळ्या टेपमध्ये पाणी शिरतंच. सॉकेटचं रबर सील फाटलं असेल तर तेही बदला. वायर आर्मच्या हालचालीत ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवून मूळ क्लिपमध्येच बसवा. क्लिप तुटली म्हणून प्लास्टिक टायने घट्ट आवळलेला हार्नेस वर्षभरात त्याच जागी तुटतो.

काम झाल्यावर अर्थवर पुन्हा मोजा. ०.०५ च्या आत आल्याशिवाय कोड पुसू नका.

---

घाटमाथा

पुढचा प्रश्न कॅलिब्रेशनचा येईल म्हणून लिहून ठेवतो. सेन्सर किंवा ब्रॅकेट हललं नसेल आणि फक्त वायर दुरुस्त झाली असेल तर आधी काही करू नका. जॅक मोड बंद करा, गाडी चालू करा, लेव्हल एकदा वर-खाली करा, थोडी चालवा आणि पुन्हा टेप लावा. मागच्या बाजूंमधला फरक ५ मिमीच्या आसपास आला तर जुनंच कॅलिब्रेशन बरोबर होतं.

सेन्सर बदलला असता तर मात्र ते करावंच लागतं. व्हीसीडीएसने (फोक्सवॅगन-ऑडी गाड्यांचं स्कॅनर सॉफ्टवेअर) ३४ मध्ये सिक्युरिटी ॲक्सेस देऊन ॲडाप्टेशनमध्ये जायचं. चॅनेल १ पुढचं डावं, २ पुढचं उजवं, ३ मागचं डावं, ४ मागचं उजवं. तिथे टेपने प्रत्यक्ष मोजलेलं माप टाकायचं, तुम्हाला हवं असलेलं नाही. इथेच सगळे घोळ घालतात. युनिटला हवी ती उंची माहीतच असते, तुम्ही फक्त आत्ता गाडी कुठे आहे ते सांगताय. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, व्होल्टेज पडलं की प्रक्रिया अर्धवट सुटते. मोजण्याआधी गाडी दोन-तीन फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे बुशमध्ये (सस्पेन्शनच्या जोडांतल्या रबरात) अडकलेला पीळ सुटतो.

नंतर ५५ नंबरच्या युनिटमध्ये हेडलाइटची बेसिक सेटिंग. आणि व्हील अलाइनमेंट या सगळ्यानंतर. वाकड्या उंचीवर केलेलं अलाइनमेंट फुकट जातं.

कोकणाबद्दल: कोपरा वर आहे, खाली नाही, म्हणून गाडी चालवता येते. वायर दुरुस्त झाली नसेल तर लेव्हल ऑटोमॅटिकवरच ठेवा, दुसरी निवडू नका, आणि उतारावर वेग बेताचा ठेवा, कारण वळणात उंच कोपरा गाडी आडवी झुकवतो. कोपरा खाली बसून बंप स्टॉपला (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडथळ्याला) टेकला असता तर जागचीही हलवू नका असं सांगितलं असतं. तेव्हा टो करायची ती सुद्धा फ्लॅटबेडवर, चाकं बांधून.

---

वायरमन

एक राहिलं. गॅरेजमध्ये गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घेतली की चाकं लटकतात. झिजलेल्या रॉडचा लिव्हर तेव्हा मध्यबिंदू ओलांडून उलटा पडू शकतो आणि खाली उतरवल्यावर तसाच अडकतो. लिफ्टवरून उतरवताना चारही रॉडकडे एक नजर टाका. आणि मागच्या डाव्या चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक लायनर जागेवर आहे ना बघा. ते निघालेलं असेल तर चाकाने उडवलेलं पाणी सरळ त्या सॉकेटवर जातं.

---

गोदाकाठ

लायनरचे तीन स्क्रू गायब आहेत, खालचं टोक लोंबतंय. वायर ११ सेंटिमीटर कापावी लागली. अर्थ आता ०.०२. मागच्या दोन्ही बाजूंत ४ मिमीचा फरक, कोड पुसल्यावर परत आलेला नाही. लायनरचे स्क्रू मागवलेत, ते बसल्यावर पाइपने पाणी मारून बघतो.