येमेनवर तासाभराचे व्याख्यान द्यायचे आहे : काय वाचावे, काय विकत घ्यावे? (सल्ला हवा)

ओसरी
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एका देशाची ओळख करून देणारे व्याख्यान होते आणि या वेळी येमेन माझ्या वाट्याला आला आहे. मी नागरिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. त्या देशाचे सरकार कोण चालवते, सैन्य कोणाचे आहे आणि लोकांचे पोट कशावर भरते, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे श्रोत्यांना मिळावीत एवढीच माझी इच्छा आहे. परंतु वर्तमानपत्रे जितकी वाचावीत तितका गोंधळ वाढतो. 28 ऑगस्ट 2025 रोजी इस्रायलच्या हल्ल्यात राजधानी सनामध्ये हुती बंडखोरांच्या सरकारचे पंतप्रधान अर-रहावी मारले गेले असे वाचले, आणि त्याच वेळी जगाने मान्यता दिलेल्या एडनच्या सरकारचे पंतप्रधान सालेम बिन ब्रेक आपल्या पदावर सुखरूप होते. वाचनालयाने पुस्तक, नकाशा, वर्गणी असे सर्व मिळून 1,500 रुपये मंजूर केले आहेत आणि त्यापुढे एक रुपयाही मिळणार नाही. इंग्रजी वाचण्याची मला अडचण नाही. काय घ्यावे आणि विषयाला कोठून हात घालावा?

नकाशेवाला
ताई, नकाशाशिवाय येमेन समजणे अशक्य आहे. मी गेल्या वर्षी एका परदेशी प्रकाशनाचा मोठा ॲटलास 6,800 रुपयांना घेतला आणि तो घेतल्यापासून बातम्या वाचण्याची माझी पद्धतच बदलली. कागद, छपाई, डोंगरांच्या छटा, सारेच अप्रतिम आहे. फक्त कुरियरवाल्याने एक कोपरा दुमडून आणला आणि माझ्या तक्रारीला अद्याप उत्तर आलेले नाही. तोच घ्यावा असे मी सुचवीन. पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा पाहा. समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंचावर वसलेले सना तेथेच आहे, देशातील बहुसंख्य लोक त्याच पट्ट्यात राहतात आणि तो हुतींच्या ताब्यात आहे. तेल आणि वायू मात्र मारिब, शबवा आणि हद्रमौत या पूर्वेकडच्या भागांत आहेत व ते मुख्यतः एडनच्या सरकारच्या बाजूकडे राहिले आहेत. माणसे एकाकडे आणि तेल दुसऱ्याकडे, ही गोष्ट एका दृष्टिक्षेपात कळते.

तळटीप
मराठी श्रोत्यांसमोर बोलायचे असेल तर सुरुवात वासुदेव बळवंत फडके यांच्यापासूनच व्हायला हवी. त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवले होते आणि 1883 साली त्यांचा अंत तेथेच झाला. इंग्रजांनी 1839 मध्ये एडन घेतले ते मुंबईहून फौज पाठवून, आणि त्यानंतर जवळपास शतकभर त्या बंदराचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. बाजारात चलन होते ते आपल्या रुपयाचे. मी या विषयावर जुन्या बाजारातून बरीच दुर्मिळ कागदपत्रे जमवली आहेत. किमती सांगत नाही, कारण घरी हे पान वाचले जाते.

आडवाट
'जवळपास शतकभर' हे बरोबर आहे, परंतु मुंबईचा कारभार 1932 मध्येच संपला होता. पुढची पाच वर्षे एडन थेट दिल्लीच्या अखत्यारीत होते आणि 1937 मध्ये ते वेगळी वसाहत झाले.

तळटीप
म्हणूनच मी 'जवळपास' हा शब्द वापरला होता.

आडवाट
मुख्य आक्षेप वेगळा आहे. एडन म्हणजे येमेन नव्हे. उत्तरेकडे इंग्रजांचे राज्य कधीच नव्हते. तेथे झैदी या शिया पंथाच्या इमामांची सत्ता होती आणि 26 सप्टेंबर 1962 रोजी लष्करी उठावाने ती उलथून टाकून प्रजासत्ताक स्थापन झाले. दक्षिणेतून इंग्रज 1967 मध्ये गेले आणि तेथे अरब जगतातले एकमेव मार्क्सवादी राज्य उभे राहिले. ही दोन राज्ये 22 मे 1990 रोजी एकत्र आली आणि 1994 मध्ये त्यांच्यातच युद्ध होऊन उत्तरेने दक्षिण जिंकली. फडक्यांपासून सुरुवात केली तर श्रोते दक्षिणेत अडकून पडतील आणि सध्याच्या भांडणाचे मूळ, जे उत्तरेच्या सादा प्रांतात आहे, ते शेवटपर्यंत येणारच नाही.

जहाजी_काका
इतिहासात शिरलात तर तास संपेल. लोकांना आज येमेन माहीत आहे तो तांबड्या समुद्रामुळे. नोव्हेंबर 2023 मध्ये हुतींनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवले आणि तेव्हापासून आमच्या धंद्याचे गणित बिघडले. आमचे जहाज सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून नेण्यात आले, करार लांबला, आणि ज्या एका फेरीत तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून गेलो तिचा जादा पगार कंपनीने अजून दिलेला नाही. 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजे त्यांच्याच हल्ल्यांत जुलै 2025 मध्ये बुडाली. ज्यांच्याकडे नाव घेण्यासारखे आरमार नाही अशांनी ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि छोट्या होड्या यांच्या बळावर जगाचा व्यापार वळवला, हाच खरा लष्करी धडा आहे. मी जहाजांचा माग दाखवणाऱ्या एका संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली आहे. ती 1,500 मध्ये बसणार नाही, परंतु पडद्यावर थेट दाखवता येईल.

चौकटराजा
हा सगळा इराणचा खेळ आहे. शिया विरुद्ध सुन्नी एवढे सांगितले की पुरे. त्यासाठी पुस्तक विकत घेण्याचीही गरज नाही.

आडवाट
एवढे सांगितले तर अर्धे चुकीचे सांगितले जाईल. हुती झैदी आहेत आणि झैदी पंथ इराणच्या बारा इमामांच्या शिया पंथाहून वेगळा आहे. दुसरे असे की ज्या अली अब्दुल्ला सालेह यांनी राष्ट्राध्यक्ष असताना 2004 पासून हुतींशी सहा युद्धे केली ते स्वतः जन्माने झैदी होते. पुढे 2014 मध्ये याच सालेह यांच्या निष्ठावान पलटणींनी हुतींना सनाची दारे मोकळी करून दिली आणि डिसेंबर 2017 मध्ये हुतींनीच त्यांना ठार केले. ही उलाढाल पंथाने कशी समजावून सांगणार?

चौकटराजा
शस्त्रे इराणची नाहीत का?

आडवाट
इराणकडून शस्त्रे आणि तंत्रज्ञान मिळते हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-समितीने अनेक वर्षे नोंदवले आहे आणि मी ते नाकारलेले नाही. शस्त्रे कोठून येतात आणि भांडण कशावरून आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

फिल्टरवाली
कोणी कॉफीचा विषय काढला नाही याचे आश्चर्य वाटते. 'मोखा' हे येमेनचेच बंदर आहे. मी एका दुकानातून अस्सल येमेनी म्हणून पाव किलो बिया 2,400 रुपयांना घेतल्या. घरी भाजून पाहिल्या तेव्हा त्या आपल्याकडच्याच निघाल्या असा माझा पक्का संशय आहे. तरीही व्याख्यानानंतर कॉफी ठेवावी. आज तेथील कित्येक डोंगरउतारांवर कॉफीऐवजी कात (विड्यातला नव्हे; जिची पाने तरतरीसाठी चघळतात ते झुडूप) लावतात, कारण कातीची पाने रोज दुपारी रोख पैशाने विकली जातात. सनाच्या आसपास जमिनीखालचे पाणी आटत चालले आहे आणि त्यातला फार मोठा वाटा कातीलाच जातो. मोखा बंदर सध्या सालेह यांचे पुतणे तारिक सालेह यांच्या सैन्याकडे आहे.

भटकी_चप्पल
पुस्तके कशाला? सोकोत्रा बेटावर जाऊन या. दोन लाखांत होते असे ऐकले आहे.

जहाजी_काका
भारत सरकारने 2017 पासून भारतीयांच्या येमेनप्रवासावर निर्बंध घातलेले आहेत. ताईंनी 1,500 लिहिले आहे, तेही वाचावे.

मध्यान्ह
वरचे सगळे वाचले नाही, परंतु एक चांगला ॲटलास अवश्य घ्या. शिवाय एका परदेशी विद्यापीठाचा पश्चिम आशियावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी केला आहे. शुल्क 9,000 आहे, पण प्रमाणपत्र मिळते.

सनाकर
मी युद्धापूर्वी सनामध्ये नोकरीला होतो आणि एप्रिल 2015 मध्ये 'ऑपरेशन राहत'मधून परतलो. त्या मोहिमेत चार हजारांहून अधिक भारतीय आणि सुमारे 960 परदेशी नागरिक बाहेर काढले गेले. विमानतळावरची गर्दी वगैरे लिहीत नाही, कारण ताईंचा प्रश्न तो नाही.

ताई, पैसे कशावरही खर्च करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-समितीचे वार्षिक अहवाल आणि जागतिक बँकेचे येमेनच्या अर्थव्यवस्थेवरचे नियमित आढावे फुकट मिळतात. शिवाय 'सना सेंटर' या अभ्याससंस्थेचे लेखही संकेतस्थळावर खुले आहेत. तुमचे तीनही प्रश्न एकाच प्रश्नात सामावतात : पगार कोण देतो? सालेह यांच्या काळात लष्कराच्या हजेरीपटावर अस्तित्वातच नसलेल्या सैनिकांची नावे असत आणि त्यांचा पगार वरिष्ठ अधिकारी खात, हे आमच्या कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक होते. 2014 मध्ये हे सैन्य इतक्या लवकर विस्कटले यामागे आणखी कारणे असतील, पण हे एक निश्चित होते.

आता सरकारच्या बाजूकडचे सैन्य पाहा. एप्रिल 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष हादी यांना बाजूला करून रशाद अल-अलिमी यांच्या अध्यक्षतेखाली आठ जणांची अध्यक्षीय परिषद नेमली गेली. त्यातल्या कित्येकांकडे स्वतःचे सैन्य होते. दक्षिण वेगळी काढू पाहणारे ऐदारूस अल-झुबैदी, 'अमालिका' पलटणींचे अल-महरमी, मारिबचे सुलतान अल-अरादा आणि वर उल्लेख आलेले तारिक सालेह हे सगळे 2025 पर्यंत एकाच मेजाभोवती बसत. झुबैदी आणि महरमी यांच्या फौजा संयुक्त अरब अमिरातींच्या पैशावर उभ्या राहिल्या, तर इतर काहींचा भार सौदी अरेबियाने उचलला. त्यामुळे त्या परिषदेला सरकार म्हणावे की पगारदात्यांनी जुळवलेली तडजोड, हे श्रोत्यांनाच ठरवू द्या. निवडून आलेली संसद विचाराल तर शेवटची निवडणूक एप्रिल 2003 मध्ये झाली.

आडवाट
पगाराच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. 2 एप्रिल 2022 ला सुरू झालेला युद्धविराम ऑक्टोबरमध्ये वाढवला गेला नाही, त्याचे मोठे कारण पगारच होते. आपल्या भागातील कर्मचाऱ्यांसोबत आपल्या सैनिकांचेही पगार तेलाच्या उत्पन्नातून द्यावेत अशी हुतींची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी त्याच महिन्यात हद्रमौत आणि शबवामधल्या तेलाच्या बंदरांवर ड्रोन सोडले आणि सरकारची तेलनिर्यात बंद पडली ती पडलीच. मोठी लढाई पुन्हा पेटली नाही, परंतु एडनच्या तिजोरीचा मुख्य झरा आटला.

नकाशेवाला
ही बंदरे कोठे आहेत हे पाहायला नकाशा लागेलच, एवढेच मी म्हणत होतो.

ओसरी
सर्वांचे आभार. मंजूर रक्कम 1,500 आहे हे पुन्हा एकदा नम्रपणे नमूद करते. सनाकर, कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल आणखी सांगाल का? उत्तरेतील शिक्षकांना पगारच मिळत नाही असे वाचले, आणि स्वतः शिक्षिका असल्यामुळे तेथे मन अडकले.

सनाकर
सप्टेंबर 2016 मध्ये हादी यांनी मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय सनाहून एडनला हलवले. सनातील बँक बंद झाली नाही, त्यामुळे एका देशाला दोन मध्यवर्ती बँका झाल्या. उत्तरेतील शिक्षक, डॉक्टर, कारकून यांचे नियमित पगार तेव्हापासून थांबले. अधूनमधून अर्धा पगार मिळे तोही मेहरबानीसारखा. तिकडे एडनच्या बँकेने तूट भरून काढण्यासाठी रशियात नव्या नोटा छापून घेतल्या. डिसेंबर 2019 मध्ये हुतींनी आपल्या भागात त्या नव्या नोटा बाळगण्यावर बंदी घातली.

परिणाम असा की एकाच देशातल्या एकाच किमतीच्या दोन नोटांचे मोल वेगळे झाले. सनामध्ये जुन्याच नोटा फिरत राहिल्या. माझ्या जुन्या सहकाऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रात 100 रियालची नोट अशी आहे की मधला घडीचा भाग झिजून भोक पडले आहे, पाठीमागून चिकटपट्टी लावली आहे आणि आकडा अर्धाच दिसतो. तरीही त्या चिंध्यांच्या हिशेबाने डॉलरला सुमारे 535 रियाल पडतात. एडनमध्ये कोऱ्या करकरीत नोटांनी तोच डॉलर घ्यायचा तर जुलै 2025 मध्ये 2,800 रियाल मोजावे लागले, आणि ऑगस्टमध्ये भाव सावरला तेव्हाही 1,600 च्या पुढेच राहिला. युद्धापूर्वी सगळीकडे 215 च्या आसपास होता. एडनमधला मजूर सनातल्या आपल्या घरी पैसे पाठवतो तेव्हा निम्म्याहून जास्त रक्कम या फरकातच जाते.

चौकटराजा
म्हणजे हुतींचा कारभार चांगला आहे असे म्हणायचे आहे का?

सनाकर
मुळीच नाही. तेथला दर हुकमाने धरून ठेवलेला आहे आणि बाजारात पैसाच कमी आहे. होदैदा बंदरावरची जकात, रस्त्यांवरच्या नाक्यांवरची वसुली, जकातीपाठोपाठ झकात (इस्लाममधला धार्मिक कर), दूरध्वनी कंपन्यांचे उत्पन्न हे सगळे सनाकडे जाते आणि शिक्षकाचा पगार मात्र बुडतो. रियाल स्थिर आहे म्हणून पीठ परवडते असे होत नाही. देशाला लागणाऱ्या गव्हाचा सुमारे नव्वद टक्के भाग बाहेरून येतो.

जहाजी_काका
आणि तो जहाजाने येतो. माझा मुद्दा फिरून आलाच.

ओसरी
मी निर्णय घेतला आहे. ॲटलास, वर्गणी, अभ्यासक्रम, कॉफी यांपैकी काहीही घेत नाही. फडक्यांचा उल्लेख प्रश्नोत्तरांत कोणी केला तर करीन, आपणहून करणार नाही. अहवाल वाचनालयाच्या संगणकावर वाचीन. 1,500 रुपयांत गावातला फ्लेक्सवाला मोठा फलक छापून देतो. त्यावर डावीकडे जुनी नोट, उजवीकडे नवी नोट, दोन्हींखाली डॉलरचा भाव आणि त्याखाली एकच प्रश्न : सनातल्या शिक्षिकेचा पगार कोणी द्यायचा? तेथून बँक, बँकेतून तेल, तेलातून सैन्य आणि सैन्यातून ते दोन पंतप्रधान, असा उलटा प्रवास करीन. इतिहास लागेल तेवढाच मधे येईल.

तळटीप
इतिहासाविना अर्थव्यवस्था सांगणे मला धाडसाचे वाटते. असो, आपली मर्जी.

नकाशेवाला
फ्लेक्सवर नोटेची बारीक नक्षी फुटते. नकाशा छापला असता तर स्पष्ट आला असता.

सनाकर
ताई, फलकासाठी 1,000 रियालची नोट घ्या. 200 ची घेऊ नका, कारण जुलै 2025 मध्ये सनाच्या बँकेनेही स्वतःची नवी 200 ची नोट काढली आहे; तिला एडनच्या बँकेने बनावट ठरवले आहे आणि मग श्रोत्यांना दोनाऐवजी तीन नोटा समजावून सांगाव्या लागतील. दर मात्र व्याख्यानाच्या आदल्या दिवशी तपासून हाताने लिहा. छापून घेतलेत तर फलक शिळा होईल.

ओसरी
1,000 चीच घेते. दरासाठी जागा कोरी ठेवायला सांगते.