गरिबांची सेवा : ब्लँकेटं वाटायची की सावकाराला जाब विचारायचा?

सुहासिनी_नगर (धागाकर्ती)
सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगीण (नन), मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात इंदूरपासून जवळच्या उदयनगर भागात त्या १९९२ पासून काम करत होत्या. तिथले आदिवासी शेतमजूर सावकारांच्या कर्जात पुरते अडकलेले. सिस्टरनी त्यांना बचत करायला, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवायला, एकत्र येऊन हक्क मागायला शिकवलं. सावकारीलाच धक्का बसला. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसने इंदूरला निघालेल्या सिस्टरना समंदर सिंगने भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदुरात सिस्टर राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

प्रवचनांत मी राखीबद्दल पुष्कळदा ऐकलं आहे, बँकेच्या अर्जांबद्दल कधीच नाही. माझ्या मते ते अर्ज भरून देणं हेसुद्धा प्रेमच होतं. भुकेल्याला खाऊ घाला सांगणारा बायबलमधला मत्तयचा २५ वा अध्याय आपण नाताळात वाचतो, ब्लँकेटं वाटतो. गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांवर गरजणारा संदेष्टा आमोस, त्याचं पुस्तक मात्र वर्षभर बंदच राहतं.

पाळक_मिरज
ताई, आदर राखून विरोध करतो. आमच्या मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलं. दारात आलेल्याची जात, धर्म, वागणूक न बघता उपचार करणं ही मिशन दवाखान्यांची खरी ताकद. एकदा बाजू घेतली की अर्ध्या गावाला दार बंद होतं.

आणि खेड्यातली मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, किती? दहा-बारा घरं. त्यांनी सावकाराविरुद्ध तहसीलवर मोर्चा नेला, तर दुसऱ्या दिवशी धर्मांतराची तक्रार होते. पाळकाची बदली होईल. ती घरं तिथेच राहणार, त्याच सावकाराच्या शेतावर मजुरीला जाणार. त्यांच्या जिवावर मी धाडसी प्रवचन करू का?

सुहासिनी_नगर
भीती खरी आहे, मी ती हलकी समजत नाही. पण बाजू घेतली की दार बंद होतं, हे पटत नाही. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना घेऊन आल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच १८९७ मध्ये, पुण्यातल्या प्लेगच्या वेळी, सरकारी व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रात उघड टीका केली. प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. त्यांची केडगावची मुक्ती मिशन ही संस्था त्यानंतरही उभी राहिली, आजही आहे. मुलींना जवळ घेणारी आणि सरकारला सुनावणारी बाई एकच होती.

कोकणातला_थॉमस
राखीबद्दल एक शंका. क्षमा करणं हा त्या कुटुंबाचा अधिकार, त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण मजुरांनी पिढ्यान् पिढ्या भरलेल्या व्याजाची क्षमा त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी करू नये.

दलित_ख्रिस्ती_आवाज
सावकार बाहेरचा आहे म्हणून त्याच्याबद्दल बोलणं सोपं जातंय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा, काही शीख जातींचा अपवाद सोडता, फक्त हिंदूंना दिला. शिखांचा पूर्ण समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. आम्ही दलित ख्रिस्ती अजून बाहेर. हा न्याय दिल्लीकडे मागायलाच हवा, आणि चर्चचे नेते तो मागतातही. पण तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत होती. आपल्याकडे सोयरीक ठरवताना पूर्वजात हळूच विचारतात. पवित्र सहभागिता (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) एका प्याल्यातून घ्यायची आणि मुलगी द्यायची वेळ आली की घराणं बघायचं, याला मी प्रेम म्हणत नाही. आधी मंडळीच्या पंचांना जाब विचारा.

पाळक_मिरज
या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. हे प्रवचनपीठावरून बोललं पाहिजे आणि मी बोलेन. सावकाराबाबत माझं मत तेच.

सुहासिनी_नगर
मग मोर्चा नको, मंडळीचा फलकही नको. गावातल्या सगळ्या जातीधर्मांच्या बायकांचा बचत गट अर्ज करेल. मंडळीने फक्त लिहिता-वाचता येणारी दोन माणसं आणि बसायला जागा द्यावी. एवढं चालेल?

पाळक_मिरज
जागा देऊ. माणसंही देऊ. पण पहिल्या अर्जावर सही करणाऱ्या बाईचं काम सुटलं, तर तिच्या घरी किती महिने धान्य पोचवायचं, ते आधी ठरवा.