सड्यावरचं गवत आणि पेंढा: उशिरा कापणीचा तोटा

एकाने विचारलंय की सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत दिवाळीनंतर कापून रचलं, तरी जनावरं अर्धं टाकून का देतात. तोवर बी झडून काडी लाकडासारखी झालेली असते, प्रथिनं जवळपास उरत नाहीत. गवत फुलोऱ्यावर असतानाच कापायचं. तेव्हा पाऊस आडवा येतो हे खरं, म्हणून चार दिवस उघडीप दिसली की एक तुकडाच कापा. ओलसर रचलं तर उडवी (रचलेल्या गवताची गंजी) आतून तापते आणि बुरशी धरते.

आता हाती फक्त भाताचा पेंढा असेल तर युरिया प्रक्रिया करा. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरा, झारीने सारखं शिंपडा, पायाने घट्ट तुडवा, मग पुढचा थर. वरून प्लास्टिक, कडांना माती; २१ दिवस हवा जाता कामा नये. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच: प्लास्टिकला भोक पडलं की युरियातून सुटणारा अमोनिया वायू उडून जातो आणि काळी बुरशी येते. तो भाग फेकायचाच.

खायला घालण्याआधी तासभर पसरून ठेवा, सुरुवात थोड्यापासून. सहा महिन्यांखालच्या वासरांना नको. आणि उरलेलं द्रावण बादलीत उघडं ठेवू नका, गुरं प्यायली तर विषबाधा होते.