निकामी शॉकअप आणि स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) : कसे ओळखता, कसे बदलता? अनुभव लिहा

वळणवाट
काढून ठेवलेल्या एका टायरचा फोटो आज समोर आला आणि हा जुना विषय पुन्हा वर आला. त्या टायरच्या कडेवर हात फिरवला असता तर उंचवटा-खळगा, उंचवटा-खळगा असं लागलं असतं. असा वाटीवाटीने खाल्लेला टायर दिसला की बरेच जण अलाइनमेंट करून मोकळे होतात. अलाइनमेंट बिघडलं की टायर एका कडेने सलग झिजतो, नाहीतर त्याला पिसासारखी धार येते. ठरावीक अंतरावरचे खळगे मात्र वेगळंच सांगतात : चाक रस्त्यावर टिकत नाहीये, उड्या मारतंय.

माझं ठाम मत, मेलेला शॉकअप बहुतेकदा गप्प असतो. खडखड ऐकू आली की आपण त्याच्यावर संशय घेतो आणि आवाज नसला की तो ठीक आहे असं धरून चालतो. दोन्ही चूक. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त स्प्रिंगचं हेलकावणं मारतो. पिस्टनच्या बारीक झडपांतून तेल रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. त्यामुळे बसलेली गाडी शॉकअप बदलून वर येत नाही, त्यासाठी स्प्रिंगच बघावी लागते.

ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळणावर गाडी लोळणं, ओळीने आलेल्या उंचवट्यांवर मागची बाजू तरंगणं ही लक्षणं हळूहळू वाढतात, म्हणून रोज चालवणाऱ्याला कळतच नाहीत. तुमच्याकडच्या खुणा, पद्धती लिहा.

चौदाचा_पाना
ऑइलबद्दल आधी लिहितो, कारण यावरूनच चांगले शॉकअप फेकले जातात. शॉकअपच्या सरकणाऱ्या रॉडबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येतोच, तेल अडवणारं सील त्यावरच चालतं. वरच्या भागात मळकट ओलसरपणा, त्यावर धूळ बसलेली, एवढंच असेल तर हात लावू नका. पुसून कोरडा करा आणि काही दिवसांनी बघा. ओघळ खालपर्यंत आला असेल, थेंब लोंबत असेल, तर सील गेलं.

सील का गेलं तेही बघा. धुळीचं रबरी आवरण फाटलं की खडे-माती रॉडवर बसते, क्रोमवर उभ्या रेघा पडतात आणि त्या रेघा सील कापतात. नवा शॉकअप जुन्या फाटक्या आवरणात घातलात तर तोही त्याच वाटेने जाणार. बंप स्टॉपचं, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याचंही तेच. भुगा झालेला असेल तर शॉकअप आतून आपटतो.

रानमोगरा
खराब रस्त्यावर १०-१५ मिनिटं चालवून थांबा आणि चारही शॉकअपना हात लावा. काम करणारा कोमट लागतो. एक थंडच राहिला असेल तर तोच. मागे सायलेन्सर जवळून जात असेल तर त्या बाजूच्या उष्णतेवर विश्वास ठेवू नका. बाळ उठलंय, बाकी नंतर.

सावकाश_जा
कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे : दीड हेलकाव्यात थांबली तर ठीक. पण हातांनी मिळणारा वेग फार कमी असतो. मोठ्या खड्ड्याला लागणाऱ्या झडपा त्यात उघडतच नाहीत, शिवाय सांध्यांतल्या रबरी बुशांचं घर्षणही हेलकावा मारतं. नापास झाला तर नक्की खराब. पास झाला म्हणजे चांगला, असं मात्र नाही.

कंप देणाऱ्या पाटावरची युसामा चाचणी मिळत असेल तर ती करा. चाक रस्त्याला किती धरून राहतं ते टक्क्यांत येतं. २० पर्यंत वाईट, २१ ते ४० कमकुवत, ४१ ते ६० चांगलं, त्यावर उत्तम. आधी टायरची हवा बरोबर करून घ्या, हवा कमी असेल तर आकडा फसवा चांगला येतो. मागचा भाग हलका असलेल्या गाडीत मागचे आकडे मुळातच कमी येतात. त्यामुळे त्याच अॅक्सलवरच्या डाव्या-उजव्यातला फरक बघणं जास्त कामाचं.

निळी_किल्ली
जाग्यावर स्टिअरिंग फिरवताना टण्णकन आवाज येतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. स्ट्रटच ना?

चौदाचा_पाना
@निळी_किल्ली स्ट्रट नव्हे, त्याच्या डोक्यावरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग. मॅकफरसन स्ट्रटमध्ये स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट फिरतो. बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पीळ साठवते आणि एकदम सोडते, तोच टण्ण. खात्री करायची तर गाडी जमिनीवर ठेवून, इंजिन बंद असताना दुसऱ्याला स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला तळहात टेका. बोटं कॉइलच्या फटीत नकोत. स्प्रिंग सलग फिरली तर बेअरिंग ठीक, झटक्याने उडी मारली तर गेलंय.

खडीचा_रस्ता
खडखडीचा पहिला संशयित लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझरला (वळणावर गाडी लोळणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याला) सस्पेंशनशी जोडणारी काडी. एकच चाक वरखाली होणाऱ्या लहान खड्ड्यांवर, कमी वेगात खटखट येते. दोन्ही चाकं एकदम चढतात अशा गतिरोधकावर मात्र शांत, कारण स्टॅबिलायझरला पीळ बसत नाही. तपासताना लोक एकच बाजू जॅकवर घेतात आणि फसतात. त्याने लिंक ताणली जाते, ढिलाई लपते. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर हवीत, मग लिंक हाताने हलवा.

त्यानंतर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) बुश, बॉल जॉइंट, माउंटिंगचं रबर. शॉकअप शेवटी. हा क्रम पाळला तर विनाकारण पार्ट बदलणं बरंच कमी होईल.

रानमोगरा
आणि स्प्रिंगचं टोक! सगळ्यात खालची अर्धी वेढ तुटलेली असते, बैठकीत बसलेली असल्यामुळे वरून दिसत नाही. टॉर्च आणि आरसा घेऊन बघा. तुटलेलं टोक टायर कापू शकतं.

पायवाट७
कॉइलच्या मध्ये रबराचे बफर घातले की गाडी वर येते आणि कडकपणाही येतो असं सांगतात. कुणी वापरलेत?

सावकाश_जा
@पायवाट७ नका घालू. जिथे बफर असतो तिथली वेढ हलत नाही, उरलेल्या वेढांवर जास्त ताण येतो. आणि हेलकावे मारणारा शॉकअप मेलेलाच राहतो, म्हणजे आणखी कडक स्प्रिंग अन् आवरायला कुणी नाही. भोक पाडून नवं तेल भरून देणाऱ्यांचंही तेच सांगेन. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, एकेरी नळीच्या प्रकारात तर खूपच जास्त. ड्रिल लावणं सरळ धोक्याचं आहे.

चौदाचा_पाना
स्ट्रट बदलण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे माणसं जखमी होतात.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, पुढची दोन्ही चाकं उचला, घोड्या (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर काम नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून मोकळी करा, लिंक सोडा. नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा, बऱ्याच गाड्यांत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच ठरतो. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतं. ते तारेने आत बांधा, नाहीतर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. मग बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढा, शेवटचा काढताना स्ट्रट हाताने धरून.

स्ट्रटच्या रॉडवरचा मधला नट गाडीवर असताना काढायचा नाही. कधीच नाही. स्प्रिंग त्याच एका नटाने अडवलेली असते.

बाकावर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग आवळणारी हत्यारं) समोरासमोर लावा आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळा. स्प्रिंग बैठकीत हाताने फिरू लागली की मगच मधला नट. तो इम्पॅक्ट गनने नाही. रॉड आत गरगर फिरतो. रॉडच्या टोकाला अॅलन की लावून धरा. पकडीने रॉड धरलात तर क्रोमवर ओरखडा, म्हणजे नवा शॉकअप पहिल्याच दिवशी खराब. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या पायरीला टेकलंच पाहिजे. लॉक नट नवे, टॉर्क त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, आवरण याच वेळी बदला, आणि दोन्ही बाजूंचं एकदमच. काम संपलं की अलाइनमेंट.

निळी_किल्ली
वाचूनच घाम फुटला. हे कारागिराकडेच. पण त्याला काय विचारायचं ते आता कळलं, मनापासून आभार.

खडीचा_रस्ता
नवे घालूनही गुणगुण राहिली तर घाबरू नका. खाल्लेला टायर तसाच आवाज करत राहतो, टायर बदलल्याशिवाय तो जात नाही. आणि दुहेरी नळीचा शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर तेलाच्या कप्प्यात हवा शिरते. बसवण्याआधी उभा धरून पूर्ण लांबीभर ४-५ वेळा सावकाश दाबा-ओढा, मधला पोकळ झटका गेला की बसवा.

पायवाट७
मागच्या शॉकअपचे बुश नवे असूनही लवकर फाटतात, ते का?

चौदाचा_पाना
@पायवाट७ चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला जातो म्हणून. बुशचं रबर धातूला चिकटलेलं असतं. त्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. गाडी घोड्यांवर असतानाच अॅक्सलखाली जॅक लावून तेवढंच अंतर येईपर्यंत उचला आणि मग शेवटचा टॉर्क द्या. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो.