लवदार ब्लँकेट की केसाळ ब्लँकेट?

सुईदोरा: पुतणीसाठी फ्लीसचं ब्लँकेट घेतलं तर घरात सगळे त्याला "केसाळ ब्लँकेट" म्हणतायत. अरे केसाळ म्हणजे अस्वल, नाहीतर सुरवंट! मृगाच्या किड्यावर असते ना तशी बारीक, मऊ, ती लव, आणि तसं कापड ते लवदार. एवढा सरळ शब्द असताना आपण तो वापरत का नाही?

चिंचोका: दुकानात जाऊन "लवदार ब्लँकेट दाखवा" म्हण, तो लाल बदाम छापलेलं काढून देईल. लव ओठावर येते मिसरूड फुटायच्या आधी, भेंडीवर असते, विश्वकोशात झाडांची पानं लवदार असतात. कापडाला कोण म्हणतं आता? फरवालं म्हण, विषय संपला.

सुईदोरा: कोण म्हणतं म्हणजे? आमची आजी म्हणायची, मखमलीचा ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला दोनदा बजावायची की लव सगळीकडे एकाच बाजूला जाऊ दे. माझ्या वेळी आजी नव्हती, एक बाही उलटी कापली गेली आणि लग्नाच्या फोटोत एकाच ब्लाउजची एक बाही गडद न एक फिकी. हे "फरवालं" मधे सांगून दाखव. आणि मखमल हा अरबीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थच लव असलेलं.

सोलापुरी_पंचा: मधे बोलतो. टर्किश टॉवेललाही लोक लवदार म्हणतात ते चूक, तिथे दोऱ्याचे न कापलेले वेढे असतात, म्हणून तर बांगडी अडकली की दोरा सरसर निघत येतो. मखमलीत तेच वेढे कापलेले असतात, टोकं मोकळी होतात, ती खरी लव. फ्लीस विणल्यावर तारेच्या ब्रशने घासून फुलवतात, त्यामुळे तिथे लवदार चालेल. पण प्रत्येक मऊ कपड्याला नको हां.

चिंचोका: बरं, मखमल दिली. आता घोंगडीचं बोला. नवी घोंगडी कशी टोचते माहितीये का, तिला लवदार म्हणणाऱ्याने एक रात्र उघड्या पाठीने तिच्यावर झोपून दाखवावं. तिथे केसाळच, मेंढीचे केसच आहेत ते.

सुईदोरा: घोंगडी घे तुला. ब्लँकेट लवदारच.

चिंचोका: दोनदा धू, गोळे आले की परत बोलू.